साहेबांचा सांगावा

"माझा नंबर नको. याचा टाक. हा रिकामाच असतो."

साहेब हे बोलले तेव्हा सभागृह भरलेलं होतं. परीक्षा, लेखा, आस्थापना, ग्रंथालय, विद्यापीठाचे सगळे विभाग. संगणक केंद्रानं कर्मचाऱ्यांना बोलावलं होतं. नवीन प्रणाली येणार होती. आता नुसत्या पासवर्डनं खातं उघडणार नव्हतं. पासवर्ड टाकला की मोबाइलवर कोड येणार, तो टाकला तरच पुढं जाता येणार. म्हणून प्रत्येकानं आपापला मोबाइल नंबर द्यायचा होता.

साहेब म्हणजे आमच्या परीक्षा विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली वरिष्ठ लिपिक. वयानं मी मोठा. ते मला 'अरे' म्हणायचे, मी त्यांना 'सर'.

नंबर भरून घेणारी मुलगी संगणक केंद्रात कंत्राटावर होती. राहायची कोराडीला, बसनं यायची. नाव प्रणाली. त्या नावावरून तिची रोज थट्टा व्हायची. "काय, आज प्रणाली सुरू आहे की बंद?" ती कधी हसून सोडून द्यायची. कधी म्हणायची, "प्रणाली सुरूच हाय सर, तुमचाच पासवर्ड चुकते."

त्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, "सर, नंबर ज्याचा त्याचाच लागते. खातं तुमचं हाय."

"दिवसभर ते टुंग टुंग कोण ऐकेल? मला बैठका असतात." आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "याचा टाक. हा रिकामाच असतो."

सभागृह हसलं.

रिकामा मी नव्हतो. निकालाचे दिवस होते, टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे मी दिसत नव्हतो. पण मीही हसलो. उभा राहिलो आणि नंबर सांगितला. एकेक आकडा मोठ्यानं, मागच्या रांगेला ऐकू जाईल असा.

हेच मला सगळ्यात आधी लिहायचं आहे. भर सभेत माझा अपमान झाला आणि मला तो मान वाटला.

त्या दिवसापासून साहेबांच्या खात्याचा कोड माझ्या फोनवर येऊ लागला. कोड आला की मागोमाग साहेबांचा फोन. "सांग." मी आकडे सांगायचो. ते फोन ठेवायचे. गुणांना मंजुरी, निकालाला मंजुरी, सगळं साहेबांच्या खात्यातून आणि माझ्या तोंडून. रविवारी दुपारी पहिला घास तोंडात असायचा. बायको म्हणायची, "जेऊ तर द्या माणसाले!" मी हातानं तिला गप्प करायचो. डावा हात फोनवर, उजवा वरणभातात. ऑफिसात माझं नाव पडलं, ओटीपी काका. मला ते आवडायचं. साहेब कोणालातरी सांगायचे, "हा आपला माणूस आहे," आणि मी दिवसभर तेवढ्यावर चालायचो.

एकदा प्रणालीनं मला जिन्यात गाठलं.

"काका, नंबर काढून घ्या तुमचा. कोड तुमच्याजवळ येते म्हणजे काम तुमच्या हातून झालं असंच दिसते. उद्या काही झालं तं तुमच्यावर येईन."

मी म्हणालो, "तुले नाही समजत पोरी. एवढे लोक हायेत, साहेबानं माझाच नंबर काहून देला?"

ती एक पायरी वर आली. मग म्हणाली, "साहेब चप्पलही दुसऱ्याची घालत नाही काका. आपलीच घालते. म्हणून काय चपलेचा मान वाढते?"

मला राग आला. कालची पोरगी, कंत्राटावरची, मला शिकवते. चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. राग कशाचा होता हे आज कळतं. ती खरं बोलली होती आणि माझ्याच बोलीत बोलली होती.

इथं माझ्या बापाचं सांगायला हवं.

माझा आजा गावचा सांगावे नेणारा होता. कोणाच्या घरी माणूस मेला की मौतीचा सांगावा घेऊन गावोगाव जायचं. उन्हात, चिखलात, अर्ध्या जेवणावरून उठून. मोल नाही. मिळालीच तर शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. ती वेठ होती. पण आजा म्हणायचा, पाटील माझ्याशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. त्याला त्यात मान वाटायचा.

छप्पन साली बाप नागपुरात येऊन दीक्षा घेऊन गेला. गावात परतला तर पाटलाचा गडी वस्तीच्या तोंडाशी उभा. "सांगावा हाय. निघ."

बाप म्हणाला, "सांगावा बंद."

एवढंच. त्या दोन शब्दांपायी गाव सोडावं लागलं. बाप नागपुरात लकडगंजला आला, टालीवर, म्हणजे लाकडाच्या वखारीत, ओझी वाहू लागला. मरेपर्यंत खांद्याला घट्टे होते. मला सांगायचा, "ओझं उचलाले लाज नाही. मोल ठरवून उचल. कोनी मान म्हनून उचलाले सांगितलं, का समज, वेठ हाय."

हे ऐकत मी मोठा झालो. शिकलो, विद्यापीठात लागलो. घरात बाबासाहेबांची तसबीर, दर विजयादशमीला दीक्षाभूमी. आणि खिशात साहेबांचा सांगावा.

मग ते झालं. एका संस्थाचालकाच्या भाच्याचे गुण फेरतपासणीत वाढले. नापासाचा पास झाला. पण त्याची उत्तरपत्रिका पुन्हा कोणी तपासलीच नव्हती. कोणीतरी तक्रार केली, बातमी आली, चौकशी समिती बसली. मंजुरी साहेबांच्या खात्यातून होती. एका रविवारी दुपारी दिलेली. मला ती दुपार आठवत होती. "सांग." मी सांगितलं होतं.

समितीसमोर जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बस."

त्या केबिनमध्ये माझी सगळी नोकरी उभ्यानं झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. चहाही त्यांच्याच कपात आला, बशीसकट.

"हे बघ," साहेब म्हणाले, "तो नंबर त्या मुलीनं चुकीनं टाकला. तुझा नंबर माझ्या खात्याला कसा लागला ते तुलाही माहीत नाही, मलाही नाही. काहीतरी मेसेज यायचे, तू बघत नव्हतास. कोडचा गैरवापर कोणी केला ते संगणक केंद्र बघेल. तुझी निवृत्ती जवळ आली आहे. कशाला डाग?"

"आणि ती पोरगी, सर?"

"तिला समज देतील. फार तर काय? शेवटी तू आपला माणूस आहेस."

मी चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर प्रणाली भिंतीशी उभी होती. तिला खुर्ची दिली नव्हती. मला दिली होती.

अध्यक्षांनी विचारलं, "साहेबांच्या खात्याला तुमचा नंबर कोणी लावला?"

"या मॅडमनी. चुकून झालं असेल."

"तुम्हाला कोड येत होते?"

"काहीतरी मेसेज यायचे. मी पाहत नव्हतो."

प्रणाली रडली नाही. ओरडलीही नाही. एवढंच म्हणाली, "काका, माझ्याकडे पाहून सांगा."

मी टेबलाकडे पाहत राहिलो. त्यावर काच होती. काचेत पंखा फिरताना दिसत होता.

ती समितीला म्हणाली, "साहेबांनी भर सभागृहात सांगितलं होतं. सगळ्यांसमोर. कोणालेही विचारा."

विचारलं त्यांनी. हसलेलं अख्खं सभागृह होतं. एकालाही काही आठवलं नाही.

समज देऊन सोडलं नाही तिला. कंत्राट संपवलं. अनुभवाच्या प्रमाणपत्रावर शेरा मारला, निष्काळजीपणाचा. मंजुरी कोणी दिली ते समितीला सापडलं नाही आणि माझा नंबरही कोणी काढला नाही. साहेबांना मी विचारायला गेलो तर बैठकीत होते. पुढच्या वेळीही बैठकीत होते. नंतर मी विचारायचं सोडलं. त्यात मला जड गेलं असंही नाही. सोपं गेलं. ते जास्त वाईट आहे.

निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल, श्रीफळ. साहेब भाषणात म्हणाले, "हा माझा चालताबोलता ओटीपी!" पुन्हा सभागृह हसलं, तेच सभागृह. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "काका, आता पेन्शनलाही कोड लागेल!" मी हात जोडले.

त्याच दिवशी संध्याकाळी माझं स्वतःचं विद्यापीठाचं खातं बंद झालं. नियमच आहे, माणूस गेला की खातं बंद. पण साहेबांचं खातं माझ्या फोनवर चालूच राहिलं. साहेब आणखी वरच्या पदावर गेले. संगणक प्रणालीत सुधारणा झाल्या, रंग बदलले, चित्रं बदलली, कर्मचाऱ्यांची नवी प्रशिक्षणं झाली. माझा नंबर तिथंच. फोन यायचा. "सांग." मी नोकरीत नव्हतो आणि तरी सांगत होतो.

गेल्या महिन्यात सक्करदऱ्याच्या तलावाशी बाकावर बसलो होतो. फोन वाजला.

"कोड आला का? थांब जरा." साहेबांनी फोन बंद केला नाही. त्यांच्याजवळ कोणीतरी होतं, संगणक केंद्राचा माणूस असावा. तो म्हणत होता, "सर, हा नंबर आता बदलून घेऊ या. त्या वेळी एवढं सगळं झालं."

साहेब म्हणाले, "राहू दे. त्या वेळी वाचलो तो याच नंबरामुळे. आणि ही मंडळी कशी आहेत माहीत आहे ना? एकदा 'आपला माणूस' म्हटलं की पुरतं. जन्मभर पुरतं."

आणि ते हसले.

ते हसणं मी ओळखलं. सभागृहात पहिल्या दिवशी जे हसणं होतं, तेच. तेव्हा मला वाटलं होतं, मी त्यांच्यासोबत हसतो आहे.

"हं," साहेब फोनवर आले, "सांग."

कोड समोर होता. सहा आकडे.

"अरे, ऐकू येतंय ना?"

"येते."

"मग सांग ना. इथं काम अडलंय."

"अडू द्या."

"काय?"

"सांगावा बंद."

"कसला सांगावा? तुला बरं नाही का?"

"बरं हाय. आताच बरं झालं."

मी फोन ठेवला. पुन्हा वाजला, पुन्हा वाजला. मी वाजू दिला. शेजारी बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "उचला ना गा भाऊ, कोनाचा अर्जंट असन." मी म्हणालो, "माझ्यासाठी नाही तो."

दुसऱ्या दिवशी कोराडीची बस धरली. पत्ता विचारत गेलो. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला एका लहानशा दुकानात प्रणाली लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. काउंटरवर वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर होता. ती फडक्यानं पुसायची, तो पुन्हा बसायचा. मला पाहून ती उठली नाही. समोरच्या म्हाताऱ्या बाईचा अर्ज भरत होती. त्या बाईला म्हणाली, "आजी, हा नंबर तुमचाच हाय नं? शेजाऱ्याचा नका देऊ." मग माझ्याकडे वळली.

मी सगळं बोललो. साहेबांनी काय शिकवलं, मी काय बोललो, फोनवर काय ऐकलं. माफी मागितली.

संपल्यावर ती म्हणाली, "हे मले काहून सांगून राहिले काका? मले तं माहीतच हाय."

तिनं काउंटरवरची राख पुन्हा पुसली.

"तुमची माफी घेऊन मी काय करू? त्यानं शेरा पुसल्या जाते का? जिथं खोटं बोलले तिथं जाऊन बोला."

"तू येशील?"

"येईन. त्या दिवशीसारखी भिंतीशी उभी राहीन. तुम्ही फक्त मान वर ठेवा."

चहा विचारला नाही तिनं. बरं केलं. तो मला गेला नसता.

मी विद्यापीठात अर्ज दिला. मी खोटी साक्ष दिली होती, ती मागे घेतो, चौकशी पुन्हा उघडा. खिडकीवरच्या माणसानं वाचला आणि हळूच म्हणाला, "काका, प्रकरण बंद झालं. कशाला उकरता? निवृत्त झालात, नातवंडं खेळवा." तोही त्या दिवशी सभागृहात होता. मी त्याला विचारलं, "तुले आठवते ना गा, साहेब काय म्हणाले होते?" त्यानं शिक्का उचलला, पोच दिली आणि पुढच्याला हाक मारली.

काल साहेबांचा निरोप आला, दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून. आता सांगावे वाहायला त्यांनी नवा माणूस धरला आहे. निरोप असा: म्हाताऱ्याला सांगा, खोटी साक्ष दिली म्हणतो तर त्याच्यावरच गुन्हा होईल, पेन्शन जाईल.

होऊ दे. जाऊ दे. खोटी साक्ष मी दिलीच आहे.

येत्या सोमवारी विद्यापीठात मोठी बैठक आहे. साहेब असतील, समितीचे ते अध्यक्ष असतील, त्या दिवशी हसलेले बरेच जण असतील. आत घेतलं तर आत बोलीन. नाही घेतलं तर दारात बोलीन. दोनच वाक्यं आहेत. मी खोटं बोललो. साहेबांनी बोलायला लावलं. पहिलं वाक्य आधी, कारण ते माझं आहे.

प्रणाली भिंतीशी उभी असेल. मी तिच्याकडे पाहून बोलीन.