आग्नेलची हलकी केलेली गाडी

आग्नेलच्या बायकोचा, फिलोमिनाचा, फोन माझ्या बँकेत आला. "कांबळे, आग्नेल गेला," एवढंच म्हणाली. त्याचं छातीचं दुखणं होतंच, पण हा पठ्ठ्या असा न सांगता निघून जाईल असं वाटलं नव्हतं. महिना होत आला, मला अजून त्याचा रागच येतोय.

आग्नेल मूळचा उत्तनचा, कोळ्याच्या घरातला. नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या शांती नगरजवळ त्याचं गॅरेज होतं. आधी माझी स्कूटर तिथे जायची, मग मी नुसताच जायला लागलो. आखातातून परतलेल्या कुणाचीतरी ठोकलेली लाल स्पोर्ट्स कार त्याने घेतली आणि जीव ओतून ती पुन्हा उभी केली. पॉवर स्टिअरिंग असं, की एका बोटाने वळावी. आणि एसी! फिलोमिना हरखून गेली. "यंदा चर्चच्या सणाला थंड गाडीतून जायाचं, केस न विस्कटता," असं तिने अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं.

आणि नेमकं तेव्हाच आग्नेलच्या कानावर घाटातली मोटारींची शर्यत आली.

एका रविवारी जाऊन बघतो तर एसीचा कॉम्प्रेसर, नळ्या, स्टिअरिंगचा पंप, सगळं जमिनीवर. "कांबळ्या, हे दोघं इंजिनाचा जीव खातात," तो म्हणाला. "शर्यतीत ह्यांना जेवायला कोन घालील?" काढलेला माल त्याने उत्तनला नेला आणि मेव्हण्याच्या मासळीच्या काट्यावर तोलला. शेजारी बसायला जोडीदार लागतो म्हणून मलाही त्याच काट्यावर उभं केलं. मी तेव्हा काडीपैलवान. माझं वजन बघून तो असा खूश झाला, जणू मीही त्यानेच गाडीतून काढलेला भाग होतो.

फिलोमिना मात्र रुसून बसली. "शर्यत झाली का परत बसवतो. आईची शपथ," तो सांगत राहिला.

सरावाला घोडबंदरच्या वळणांवर मला जी मळमळ सुटली, ती सांगण्यासारखी नाही. आता ऐन वेळी जोडीदार कुठून आणायचा? फिलोमिना पदर खोचून पुढे आली. "मी बसते." ती चांगली भरल्या अंगाची. आग्नेलने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वजनाबद्दल तोंड उघडलं नाही! काढलं होतं त्याहून जास्त गाडीत चढलं. शर्यत अर्थातच हरले. पण घाटभर ती त्याला ताडाच्या पंख्याने वारा घालत होती आणि तो पंपाविना जड झालेलं स्टिअरिंगचं चाक दोन्ही हातांनी ओढत हसत होता, असं तिथे उभे असलेले लोक सांगायचे.

एसी काही परत बसला नाही. दर वर्षी "यंदाची शर्यत होऊ दे" चालायचं. एसी काढल्यावर समोर राहिलेल्या भोकात तिचा पंखा खोचलेला असायचा. पुढे त्याने तिला त्याच गाडीवर चालवायला शिकवलं. वळवताना ती त्याला शिव्या घालायची. इस्पितळात शेवटी भेटलो तेव्हा तो पुटपुटला, "फिलू, तुजा एसी राह्यला गं." ती म्हणाली, "गप ऱ्हा. कोन मागतंय?" आणि त्या गार खोलीतही त्याला वारा घालत राहिली.

परवा चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. तिकडे निघताना गॅरेजच्या फळीवर कॉम्प्रेसर तिच्याच जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेला दिसला. नीट जपलेला, तेल लावलेला. त्याला तो खरंच बसवायचा होता... म्हटलं, "वहिनी, मी कुणाकडून तरी बसवून घेतो."

"न्हाय," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्याचं काम हाय ते."

ती लाल गाडी चालवायला ती बसली, मी शेजारी. गाडी बाहेर काढताना चाक दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. तिच्या कपाळावर घाम आला. तिने भोकातला पंखा काढून माझ्या हातात दिला.

"घाला वारा, कांबळे. चर्च लांब हाय."