मावशीआजीचा पॉलिप

बाळांनो, तुमच्या मावशीआजीचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मला लहानपणापासून हेवा वाटत आला आहे. केस तिचे लांब, गळा तिचा गोड. लग्नानंतर दोघी काशीतच राहिलो, तरी गंगा दिसणारी खिडकी तिच्याच घराला. पण म्हातारपणी तिच्या आतड्याचाही हेवा वाटेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

आमचे वडील मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेले. शौचातून रक्त जायचं, ते मूळव्याध समजून लपवत राहिले. म्हणून डॉक्टरांनी आम्हा दोघींना, काही त्रास नसला तरी, दुर्बिणीने आतडं तपासून घ्यायला सांगितलं होतं. मी टाळत राहिले. ती जाऊन आली. आत एक पॉलिप सापडला, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर आलेला कोंब. पुढे त्याचा कॅन्सर होऊ शकला असता. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढून टाकला.

झालं! सगळं दूधविनायक, म्हणजे आमचा मराठी मोहल्ला, तिच्या दारात. कुणी थंडीतच मिळणारा तो दुधाचा फेस, मलइयो, घेऊन जातंय, कुणी फुलं. तुमच्या बाबांनी तिकडून फोन केला तोही आधी तिला, मग मला.

"मावशी किती धीराची आहे गं! आता तूही जा."

ते 'तूही' मला झोंबलं. लगेच तारीख घेतली.

"ताई, माझा कागद वाचून जा," बहीण म्हणाली. "काय खायचं, काय नाही, सगळं लिहिलंय."

"जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी. सूचना कळतात मला."

मलाही दवाखान्यातून तसाच कागद मिळाला होता. 'हलकं खा' एवढं वाचून मी तो घडी घालून ठेवला. आपल्याकडे पोटाला हलकं ते उपासाचं. आदल्या दिवशी साबुदाण्याची खिचडी केली, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. संध्याकाळी जुलाबाचं औषध नेमाने प्यायले.

"माताजी, अंदर तो मूँगफली ही मूँगफली है," डॉक्टर म्हणाले. "फिर से आना पड़ेगा."

बहीण हसून हसून लाल. "डॉक्टरांना नैवेद्य दाखवलास होय गं?"

पुन्हा जायचं नाही असं मी ठरवलं होतं. तेव्हा ती म्हणाली, "नकोच जाऊस. तुझ्याने नाही व्हायचं ते."

मग गेलेच. या वेळी आदल्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारातच बसली. गाळलेलं पाणीदार सूप आणि नारळपाणी, बाकी काही आत येऊ दिलं नाही.

गुंगी उतरल्यावर कळलं, माझ्यात दोन सापडले. दोन्ही काढले, नंतर आलेल्या तपासणीतही कॅन्सर निघाला नाही.

"बघा डॉक्टर," बहीण डोळे पुसत म्हणाली, "हिला कायम माझ्यापेक्षा जास्तच लागतं!"

तुमच्या बाबांना सांगा, पणजोबांचं आणि माझं हे सगळं त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालायचं आणि ते सांगतील तेव्हा तपासून घ्यायचं. त्रास होईपर्यंत थांबायचं नाही.

मला मात्र कुणी मलइयो आणला नाही. माझा नंबर लागेपर्यंत थंडी संपली होती.