गेटवरचा फोटो

यंत्र वाजलं. वाजणारच होतं. माझा डबा स्टीलचा आहे.

संध्याकाळी वसतिगृहाचं ऑफिस सुटल्यावर मी गेटात उभी होते. दोन्ही हात आडवे पसरून. आमचा गार्ड रामधन ते काळं दांडकं माझ्या अंगाभोवती फिरवत होता. खांदा, काख, कंबर. त्याची नजर जमिनीकडे. समोर वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टचा सेक्रेटरी मोबाइल धरून फोटो काढत होता. माझ्या मागे रांगेत स्वयंपाकघरातली संतोष आणि झाडू मारणारी बाई. शेजारच्या मोठ्या फाटकातून कमिटीच्या एका सदस्याची गाडी निघाली. आडवा दांडा आपसूक वर गेला. गाडी थांबली नाही, हळूसुद्धा झाली नाही.

"हाथ थोड़े और ऊपर," सेक्रेटरी म्हणाला. मग म्हणाला, "डिब्बा खोलो."

मी डबा उघडला. दुपारची अर्धी चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. तो लांबूनच वाकून बघत होता. चटणीत बॉम्ब निघाला नाही.

मी म्हटलं, "सर, मेरा फोटो क्यों?"

"मशीन चलती हुई दिखनी चाहिए. पोर्टल माँगता है."

"तो माथुरजी का ले लीजिए."

माथुरजी आमच्या ऑफिसातले दुसरे कारकून. ते तेवढ्यात स्कूटर घेऊन आमच्या शेजारून गेले. त्यांना कुणी हटकलं नाही.

सेक्रेटरी हसला. "अरे, तुम खड़ी हो गईं तो तुम्हें क्या फर्क पड़ता है."

विचारत नव्हता तो. सांगत होता. आणि फोटो निघाला.

ऑफिसात सगळे त्याला सेक्रेटरीजी म्हणतात. मीही म्हणायचे. इथे जी लावणार नाही.

हे वसतिगृह जयपूरच्या बनी पार्कात आहे, नोकरी करणाऱ्या मुलींचं. बऱ्याच जणी सीतापुऱ्यातल्या कारखान्यांत जातात, परतेपर्यंत अंधार पडतो. बसमधून उतरून मागच्या गल्लीतून यायचं. गल्लीत टवाळ पोरं मोटारसायकली आडव्या लावून बसलेली असत. एका मुलीची ओढणी ओढली तेव्हा सगळ्यांनी मिळून तक्रार केली आणि ट्रस्टने सरकारकडे सुरक्षेसाठी अनुदान मागितलं. अर्ज मी भरला. गल्लीत दिवे, भिंतीवर कॅमेरे, गेटवर तपासणीचं यंत्र, गार्डचा पगार. मंजुरी आली त्या दिवशी सेक्रेटरीने मावा कचोरी वाटली. मलाही दिली. स्वतःच्या हाताने दिली, हे मुद्दाम सांगते.

अनुदान घेतलं की खर्च कळवावा लागतो. आता त्यासाठी फाइल घेऊन सरकारी ऑफिसच्या पायऱ्या झिजवायच्या नसतात, सगळं ऑनलाइन. बिलं चढवायची, वस्तूंचे फोटो चढवायचे. फोटोवर जागा आपोआप उमटलेली हवी आणि वस्तू वापरात दिसायला हवी. माहिती भरायचं लॉगिन माझं, मंजुरीचं सेक्रेटरीचं. त्याला स्वतःचं लॉगिन उघडता येत नाही. शिकायचंही नाही, ते त्याला हलकं काम वाटतं. म्हणून दोन्ही मीच करते. त्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो मी टाकायचा की मंजुरी झाली. पूर्वी तो माझ्या टेबलाशी यायचा, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून पडद्यावरची ओळ न् ओळ वाचायचा आणि मोबाइल माझ्या हातात द्यायचा. माझ्या नावापुढे न चुकता जी लावायचा.

कारण माझं आडनाव इथे कुणाला वाचता येत नाही. आमच्या परभणीकडे आडनाव सांगितलं की समोरच्याच्या तोंडावर लगेच कळतं, त्याने आपल्याला कुठे बसवलं ते. जयपूरमध्ये तसं नाही. महाराष्ट्राची म्हणजे मराठा, मराठा म्हणजे तलवार, एवढाच यांचा अभ्यास. मी काही लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

मग सिस्टिमनेच विचारलं. खर्चाच्या अहवालात कर्मचाऱ्यांचा एक तक्ता होता. नाव, काम, प्रवर्ग. मी सगळ्यांचं भरलं, माझंही भरलं. अनुसूचित जाती. सेक्रेटरी नेहमीसारखा खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाचत होता. त्या ओळीवर थांबला. हात उचलला.

"लगती तो नहीं हो," म्हणाला.

ती कौतुकाची पद्धत होती त्याची. मला बरं वाटेल असं त्याला वाटलं असणार.

गंमत बघा. माझा जातीचा दाखला महाराष्ट्राचा. राजस्थानात तो चालत नाही. नोकरीच्या जागेसाठी मी एकदा विचारायला गेले होते, खिडकीवरच्या माणसाने परत केला, दुसऱ्या राज्याचा आहे म्हणून. फायद्यासाठी चालत नाही. अपमानासाठी चालतो. त्याला राज्याची हद्द नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो माझ्या टेबलाशी येईना. स्वतःच्या केबिनच्या दारात उभा राहायचा आणि तिथून ओटीपी ओरडून सांगायचा. चार... सात... दो... गुप्त ठेवायचे ते आकडे. कुणाला सांगू नका, म्हणून त्याच मेसेजमध्ये लिहिलेलं असतं. पण अख्ख्या ऑफिसला, चहावाल्याला, पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला ऐकू गेले तरी चालतील, माझ्या हातात मोबाइल नको. गुपित मोठं की विटाळ मोठा, ते या शहाण्याने ठरवून टाकलं होतं. आणि हा माणूस दर पंधरा ऑगस्टला मुलींसमोर समानतेवर भाषण ठोकतो.

जी गेला. कचोरी बंद झाली. त्यानंतर यंत्र आलं.

यंत्र बाहेरून येणाऱ्याला तपासायला होतं. अर्जात मीच तसं लिहिलं होतं. पण ते लागलं बाहेर जाणाऱ्यांना, आणि त्यातही पायी जाणाऱ्यांना. आधी संतोष आणि झाडूवाली, मग फोटोच्या दिवसापासून मीही. स्वयंपाकघरातले चमचे कमी होतात, असं कमिटीच्या एका बाईंचं म्हणणं होतं. मुलींच्या सुरक्षेसाठी सरकारने दिलेलं यंत्र चमचे शोधायला लागलं. दिव्यांचं तर काय सांगावं. गल्लीचे दिवे कमिटीच्या गाड्या उभ्या राहतात त्या शेडवर लागले. गाड्या उजेडात झोपतात. मुली अंधारातून येतात. एक पोरगी मला रोज विचारायची, "दीदी, लाइट कब लगेगी?" मी म्हणायचे, लगेगी.

फोटोच्या त्या संध्याकाळी गेटाबाहेर पडल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. राग आला होता. आणि लाजही वाटत होती. लाज कसली, मी काय केलं होतं? तरी वाटली. संतोष मागून आली. माझ्या पिशवीत डबा नीट ठेवत म्हणाली, "यो तो रोज को काम छै, दीदी." ती माझी समजूत घालत होती. मला मात्र वाटलं, हिची रोज झडती होत होती तेव्हा मी वर खिडकीत बसून त्याच यंत्राची बिलं चढवत होते.

घरी आले. आम्ही राजा पार्काच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहतो, मी आणि वडील. वडील फौजेत होते. शेवटची पोस्टिंग इथल्या छावणीत, पेन्शन झाल्यावर इथेच राहिले. ते मटार सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. हात पसरलेले, डबा उघडलेला, फोटो. ते सोलत राहिले. मग म्हणाले, "म्या गेटावर उभा ऱ्हायचो तव्हा कमांडिंग साहेबाची जीप थांबवली होती. कार्ड दाखवा म्हणलं. उतरला, दाखवलं, मंग गेला. रागावला न्हाई. गेट म्हंजे सगळ्याला सारखं. एकाची झडती अन् दुसऱ्याला सलाम, त्याला गेट म्हणत न्हाईत बाई. त्याला वेस म्हणतेत."

एवढंच बोलले. मटाराची टरफलं गोळा करून उठले.

माझा आजा गावचा वेसकर होता. महारांचं काम ते. वेशीच्या दाराशी बसायचं, कोण आलं कोण गेलं बघायचं, गाव झोपलं की जागं राहायचं. आणि घर? घर वेशीबाहेर. ज्या दाराची राखण करायची त्याच्या आत राहायचं नाही. आजाने वेस राखली. बापाने छावणीचं गेट राखलं. आणि मी एम.कॉम. होऊन कॉम्प्युटरवर गेटाच्या खर्चाचा अहवाल भरत होते. तीन पिढ्या आम्ही दारातच. आजाला निदान माहीत होतं की ती वेस आहे. मला ते पोर्टल वाटत होतं.

त्या रात्री मी शांत झोपले.

अहवालाची मुदत संपायच्या दिवशी सेक्रेटरी केबिनच्या दारात आला. "फोटो डाल दो. नीचे लिखना, प्रवेश द्वार पर नियमित जाँच."

मी फोटो उघडला. पडद्यावर मी. हात पसरलेली, पायाशी पिशवी, डबा उघडा. कोपऱ्यात मागे गाडीचं चाक आणि वर गेलेला दांडा. आपण काय टिपलं, ते या माणसाने पाहिलंच नव्हतं. मी फोटो चढवला. लपवला नाही. लाज वाटायची तर काढणाऱ्याला वाटू दे.

फोटोखाली शेऱ्याची जागा होती. तिथे मी लिहिलं. यंत्र वसतिगृहात येणाऱ्यांवर वापरलं जात नाही. पायी जाणाऱ्या तीन स्त्री कर्मचाऱ्यांवरच वापरलं जातं. तिघीही अनुसूचित जातीच्या आहेत. कमिटीच्या गाड्या आणि इतर कर्मचारी तपासले जात नाहीत. गल्लीसाठीचे दिवे गाड्यांच्या शेडवर लावले आहेत, गल्लीत अंधार आहे. फोटोतली स्त्री ही माहिती भरणारी कर्मचारी आहे. हा फोटो तिच्या मर्जीने काढलेला नाही.

चोरून काही करायचं नव्हतं. मी मोठ्याने म्हटलं, "सर, नीचे मैंने कुछ लिखा है. मंजूरी से पहले आकर पढ़ लीजिए."

तो दारातच उभा. माझं टेबल दहा पावलांवर असेल. आला असता तर वाचलं असतं. खुर्चीच्या पाठीवर हात टेकला असता, वाकला असता, तर एका मिनिटात सगळं खोडायला लावलं असतं.

"पढ़ना क्या है. ओटीपी लिखो."

"सर, एक बार देख लीजिए."

"लिखो ना," तो ओरडला. आणि खणखणीत आवाजात, माथुरजींना, चहावाल्याला, सगळ्यांना ऐकू जातील असे सहाच्या सहा आकडे सांगितले.

मी टाकले. पडद्यावर हिरवं आलं. त्याच्या मंजुरीसकट अहवाल गेला. विटाळ पाळला त्याने. सोवळं निभावलं, मान गेला.

सरकारी ऑफिसकडून उलट विचारणा आली तेव्हा त्याने माथुरजींकडून शेरा वाचून घेतला. मला केबिनमध्ये बोलावलं. त्या दिवशी बस म्हणाला, जीसुद्धा लावला. त्याला एक पत्र हवं होतं माझ्या सहीचं. टायपिंगची चूक झाली, एवढंच. सही केली तर नोकरी राहील, पगारही वाढवून देऊ. नाही केली तर उद्यापासून येऊ नको.

मी विचारलं, "इतनी लंबी गलती होती है क्या, सर?"

"देखो, बात मत बढ़ाओ. जो हुआ सो हुआ. तुम्हें क्या फर्क पड़ता है."

पुन्हा तेच वाक्य. या माणसाकडे दुसरं वाक्यच नाही. मला त्याची भीती वाटायची, याचंच हसू आलं. एवढासा तर होता तो.

मी पत्र त्याच्याकडे सरकवलं. "पड़ता है," म्हटलं. पिशवी घेतली आणि खाली आले.

गेटात रामधनने सवयीने दांडकं उचललं. मी हात वर केले नाहीत. मागे सेक्रेटरीचीच गाडी येत होती, मी तक्रार घेऊन जाईन म्हणून माझ्या आधी सरकारी ऑफिस गाठायची घाई. दांडा वर जायला लागला. मी बाजूच्या वाटेवरून मोठ्या फाटकात आले आणि गाडीसमोर उभी राहिले.

"रामधन भैया, पहले गाड़ी."

ड्रायव्हरने हॉर्न दाबला. दाबत राहिला. वरच्या खिडक्यांत मुली आल्या. संतोष स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पिठाचे. रामधन यंत्र धरून उभा. पहिल्यांदाच त्याने जमिनीवरची नजर उचलली, आधी माझ्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. गाडी तपासायला पुढे गेला नाही. पण माझ्याकडेही आला नाही. काच खाली झाली, शिव्या आल्या. त्या इथे लिहीत नाही, नवीन एकही नव्हती. माझं समाधान होईपर्यंत मी उभी राहिले. मग माझ्या पायांनी बाहेर आले, झडती न देता.

नोकरी गेली. वडिलांच्या पेन्शनीत घर चालतंय, ओढाताण आहे. दिव्यांचं विचारणारी पोरगी गल्लीतून येते ती अजून अंधारातूनच. कुणी बढती द्यावी, पेढे वाटावेत असं काही झालेलं नाही.

चौकशीचं बोलावणं मात्र आलं आहे. सेक्रेटरीलाही आलं आहे आणि मलाही. त्याने निरोप पाठवला, अजून वेळ गेलेली नाही, सही कर. मी उत्तर दिलेलं नाही. चौकशीला जाऊन देणार आहे, माझ्या नावाने, माझ्या आडनावाने आणि त्या तक्त्यातल्या माझ्या प्रवर्गासकट. संतोष येते म्हणाली आहे. डबा तोच नेणार, स्टीलचा. तिथल्या गेटावरही यंत्र असेल. वाजेल. हात वर करीन मी, का नाही करणार? पण रांगेत आधी त्याला उभा करीन. त्याचे हात वर झालेले बघीन, आणि मगच माझे करीन.