बैलाच्या खड्ड्यातलं मीठ
लोणच्यासाठी बायकोनं खड्याचं मीठ परातीत ओतलं आणि मला पातूरकडच्या आमच्या शेतातला खूप वर्षांपूर्वीचा तो खड्डा दिसला. म्हातारा बैल पहाटे गोठ्यातच मेला होता. झेंडूच्या वाफ्यांशेजारी काळ्या मातीत खड्डा खणून त्याला आत उतरवलं. वर फुलांचा उग्र वास, खाली ओली, थंड माती. काका मिठाचं पोतं घेऊन आले, तर बाबा त्या पोत्यावरच बसले. "मीठ नको टाकू," म्हणाले. "कावून? मिठानं लवकर माती होते. जागा पेरायले मोकळी होते," काका म्हणाले. "त्याले कायची घाई हाय?" एवढंच बोलून बाबांनी स्वतः फावड्यानं माती ओढली आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. कोणी रडलं नाही. आता मी अकोल्यात कॉलेजात जीवाश्म शिकवतो. मेलेला जीव लगेच गाळाखाली गेला, कुणी उकरला नाही, तर हाडांत हळूहळू खनिजं भरतात आणि त्यांचा दगड होतो, हे दरवर्षी त्याच आवाजात सांगतो. बाबा गेले तेव्हा त्यांना मात्र आम्ही दहनाच्या दुसऱ्याच दिवशी, राख पुरती निवायच्या आत, पूर्णा नदीत सोडून आलो.