आबा आईच्या बाजूला उभे राहिले

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भोरला शाळेत शिकवत होते. वेल्ह्याहून आलेला माणूस वर्गाच्या दारातच थांबला आणि म्हणाला, "बाई, तुमचं आजोबा गेलं." फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं... त्याला आता महिना होईल. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, वेल्ह्याकडच्या डोंगरात भातशेती करणारे. मी आईपाशी वाढले ती त्यांच्यामुळे.

मी लहान असताना वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि आई मला घेऊन उत्रोलीला माहेरी आली. पुढे मुलगी आपल्याला मिळावी म्हणून वडिलांनी भोर संस्थानच्या कोर्टात दावा लावला. त्यांनी वकील दिला होता. आईला वकील देण्याची मामाची ऐपत नव्हती, तिला स्वतःच उभं राहायचं होतं. तारीख जवळ आली आणि एका सकाळी आबा अंगणात हजर. मला न्यायलाच आलेत असं वाटून आजीने मला आत ढकललं. आबा म्हणाले, "पोरीला न्याया न्हाई आलो. सूनबाई कोर्टात काय बोलनार हाय, ते ऐकाया आलोय."

आई दाराआड उभी. लग्न झाल्यापासून सासऱ्यासमोर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. आबा ओट्यावर बसले. "म्होरं ये, पोरी. म्या सायेब हाय असं समज आन् तुजं गाऱ्हानं सांग."

"मामंजी, तुमीच बोला की माज्यावतीनं."

"न्हाई. लेकरू तुजं, बोलायचं तुलाच. एकदा माज्याम्होरं बोललीस, की मग कुनाचं भ्या न्हाई ऱ्हानार."

ते दिवसभर बसून राहिले. पोटच्या मुलाबद्दलची तक्रार ऐकत होते, आणि आई कुठे अडखळली की म्हणत, "फिरून सांग." उन्हं कलली तेव्हा आईचा आवाज अंगणापर्यंत पोचत होता.

कोर्टात आईशेजारी उभ्या आबांना पाहून न्यायाधीशांनी विचारलं, "हे गृहस्थ कोण?" वडिलांचे वकील म्हणाले, "आमच्या अशिलाचे वडील." "मग त्या बाजूला उभे राहा." आबांनी हात जोडले. "ल्योक माजाच हाय, सायेब. पन आज मी हितं उभा ऱ्हातो." वकिलांनी आईला विचारलं, मुलीला खायला काय घालणार? आईने आबांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. मग तीच बोलली, "दुसऱ्याच्या शेतात भात लावते, झोडते. ही उपाशी निजली न्हाई कदी. ती काय खाते, हे तिच्या बापाकडनं आज पैल्यांदा इचारलं जातंय." आणखी काही तारखा झाल्या आणि निकाल लागला. मी आईपाशीच राहिले.

ही गोष्ट पसरली. शिवऱ्याची टाकलेली बाई आली, नसरापूरचा एक विधुर आला, त्याचं मूल सासुरवाडीने ठेवून घेतलं होतं. आबा प्रत्येकाला समोर बसवत, बोलायला लावत आणि तारखेला जवळ जाऊन उभे राहत. कुणाच्याही वतीने ते एक शब्द बोलले नाहीत.

पण मला खरं नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आबा राहत होते वडिलांच्याच घरी. प्रत्येक तारखेनंतर त्यांना डोंगर ओलांडून त्याच मुलाबरोबर त्याच घरी परतायचं असे. त्या वाटेवर काय होत असेल, हे मला कधीच कळलं नव्हतं. दहाव्याला नदीवर वडील आपणहून माझ्याशेजारी येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

"निकालाच्या दिशी म्या तरातरा फुडं निघालो," ते म्हणाले. "मनात म्हनलं, ह्यो म्हातारा माजा कुनी न्हाई. गुंजवणीच्या काठाला दम खायाला बसलो, तर मागनं आलं आन् जवळ बसलं. फडकं सोडलं. अर्दी भाकर माज्या हातावर ठिवली."

"काही बोलले?"

"खा म्हनलं. दुसरं काय न्हाई..." वडिलांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. "तुज्या आयच्या हातची भाकर हुती. म्या बघताच वळकली."

"मग?"



"खाल्ली," ते म्हणाले.