बंधाऱ्याच्या टोकावरचा फोटो

किकुएताई फुरिहाता आमच्या मात्सुमोतोच्या. चारी बाजूंनी डोंगर असलेल्या गावात वाढलेल्या माणसाला समुद्राचं वेड असतंच. त्यांना जरा जास्त होतं. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओत नवरानवरींचे आणि शाळकरी मुलांचे फोटो काढले. स्टुडिओ बंद झाला तेव्हा आमच्या सहल मंडळात आल्या. दर ऋतूत एकदा आम्ही पहाटे बसनं निघतो, किनाऱ्यावरच्या एखाद्या शहरात दिवस काढतो आणि संध्याकाळी परततो. फोटो किकुएताईंचे. मी चिटणीस, माणसं मोजायचं काम माझं.

त्या नोव्हेंबरात इतोइगावाला गेलो होतो. खेकड्यांचं जेवण झालं आणि सगळे वाळूत वाकून हिरवे खडे शोधायला लागले. सकाळी शांत असलेला समुद्र दुपारपासून फुगायला लागला होता. दोनला बस सुटायची. आलो होतो बत्तीस. मी मोजलं, एकतीस. पुन्हा मोजलं, एकतीसच.

"तोकिकोआजी नाहीत," मागून कुणीतरी म्हणालं.

तोकिको मोमोसे, वय अठ्ठ्याहत्तर, कानाला यंत्र. मी फोन लावला तर तो त्यांच्याच सीटवरच्या पिशवीत वाजला.

"दुकानात असतील. लोणचं बघितलं की त्यांचे पाय हलत नाहीत," कोइके ड्रायव्हर म्हणाला.

दुकान पाहिलं, स्वच्छतागृह पाहिलं. दहा मिनिटं गेली. किकुएताई बसच्या पायरीवर उभ्या राहून कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेत होत्या. एकाएकी त्यांचा अंगठा थांबला.

"एक वाजून अठरा मिनिटं," त्या म्हणाल्या. "बंधाऱ्यावर आहेत. मीच उभं केलंय त्यांना."

"म्हणजे?"

"मी म्हटलं, आजी, अजून दहा पावलं पुढं जा, मागे लाट छान येईल. फोटो काढला आणि खडे शोधणाऱ्यांकडे निघून गेले. त्या परत आल्या की नाही, वळून पाहिलंच नाही."

आम्ही पळालो. समुद्रात आत गेलेला हा बंधारा वाळूला जिथं मिळतो तिथं तो सखल आहे, आणि आता त्यावरून लाटा आरपार जात होत्या. टोकाला दिव्याचा एक खांब. त्याला मिठी मारून एक ठिपका बसलेला.

किकुएताई सरळ पाण्याकडे निघाल्या. कोइकेनं त्यांचं जाकीट मागून धरलं.

"सोड मला!"

"ताई, एकीच्या जागी दोघींना शोधायचं का आम्ही?"

तोवर मी अग्निशमन दलाला फोन केला होता. येईपर्यंत करायचं काय? किकुएताईंनी मोठी लेन्स लावली आणि डोळा टेकवला. लेन्स जड होती, कोइकेनं आपला खांदा पुढं केला. त्यावर लेन्स टेकवून त्या बोलायला लागल्या. "हात हलतोय. डावा हात छातीशी धरलाय, लागलंय बहुतेक. भिजल्यात. डोकं वर आहे, डोकं वर आहे."

दोरखंड घेऊन चार जवान आले. त्यांच्या म्होरक्यानं किकुएताईंचं बोलणं क्षणभर ऐकलं. "बाई, तुम्हाला बाहेरच्या लाटा दिसतात का?"

"दिसतात. लागोपाठ चार मोठ्या येतात, मग थोडा वेळ बारीक."

"मग मोठी दिसली की ओरडायचं. डोळा काढायचा नाही."

"आली!" त्या ओरडल्या. जवान खाली बसले, पाणी त्यांच्यावरून गेलं. "अजून एक! थांबा, थांबा... जा आता!"

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा एका जवानानं आजींना पाठीवर घेतलं आणि उरलेल्यांनी दोर ओढला. वाळूवर आणलं तेव्हा आजींचे ओठ निळे होते, मनगट मोडलेलं.

"बस सुटली नाही ना?" त्यांनी विचारलं.

किकुएताई वाळूत गुडघ्यांवर बसल्या आणि कपाळ टेकून राहिल्या. कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

आठवड्यानं त्यांची चिठ्ठी माझ्याकडे आली: मंडळ सोडते. मी ती मंजूर केली नाही आणि कुणाला दाखवलीही नाही. लाटांचा इशारा जेवतानाच माझ्या फोनवर आला होता. नंतर सांगू म्हणून मी खेकडा फोडत बसलो होतो. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही त्यांना पुढं जा म्हटलं नव्हतं."

डिसेंबरात हाताला प्लास्टर असलेल्या तोकिकोआजीच मला घेऊन किकुएताईंच्या दारात गेल्या.

"माझा फोटो कुठाय?"

"पुसून टाकणार आहे मी तो."

"खबरदार! मी मेले की समोर कुठला ठेवायचा, म्हणून सून सारखी विचारते. दाखव आधी."

किकुएताईंनी मान फिरवून कॅमेरा पुढं केला. आजींनी चष्मा वर-खाली करत बराच वेळ पाहिलं. "चांगली हसतेय मी. चूक तुझी होती, ती मी तुझ्याकडेच ठेवते. फोटो माझा, तो मला दे."

किकुएताई तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

एप्रिलमध्ये नुमाझूच्या सहलीला त्या आल्या. कॅमेरा गळ्यात, पण आता कुणाला पुढं-मागं सरकवत नाहीत. माणसं असतील तिथं, असतील तशी टिपतात. त्यामुळे अर्धे जण पाठमोरे, काहींचे डोळे मिटलेले. तक्रारी माझ्याकडे येतात. मी ऐकून घेतो.