साठच्या वेगाने

मोटारींच्या कारखान्यात तो बावीस वर्षं चाचणीचा ड्रायव्हर होता. गोल ट्रॅकवर एकट्यानेच गाडी फिरवायची, कधी साठने तर कधी शंभरने, आणि कुठल्या वेगाला किती तेल जळतं ते लिहून द्यायचं. दिवसभर बोलायला कोणी नसे. बायको गेल्यावर घरी लेक तेवढी होती, आणि आता तीही दूरच्या शहरात नोकरीला निघाली होती. तिला सोडायला तो स्वतःच निघाला.

मोकळ्या रस्त्यावरही त्याने साठच्या वर काटा जाऊ दिला नाही.

“बाबा, अहो, ट्रकसुद्धा पुढे गेले आपल्या!”

“शंभरने गेलं की वारा जास्त अडवतो, बाळा. लिटरमागे चार-पाच किलोमीटर सहज कमी होतात.”

“तुम्हाला खरंच पेट्रोलची काळजी आहे?”

त्याने काट्यावर नजर टाकली; तो साठवरच होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि चपला काढून पाय वर घेतले.

“बरं, साठनेच चला. मलाही घाई नाही.”

तरी संध्याकाळी तिचं शहर आलंच.

परतताना शेजारची सीट रिकामी होती. काटा शंभरवर कधी गेला हे त्याला कळलंच नाही. अर्ध्या वाटेत पेट्रोल भरावं लागलं. टाकी भरून झाली तरी तो पंपावरच्या माणसाशी वेगाबद्दल बोलत राहिला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे तो निघाला.